‘खाते हॅक झाले’ एवढ्यावर बातमी संपवू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला पडद्यावरच्या हॅकरांविषयीचा लेख वाचला. ‘मिस्टर रोबॉट’ या मालिकेबद्दल त्यात आपुलकीने लिहिले आहे, पण ‘प्रत्यक्षात असे काही होत नसते’ असे म्हणून लेखकाने विषय मिटवला, ते पटले नाही. त्याच अंकाच्या आतल्या पानावर एका व्यावसायिकाचे ‘खाते हॅक करून’ पैसे लांबवल्याची सहा ओळींची बातमी होती. कसे हॅक केले, याचा तिच्यात एक शब्द नव्हता. मालिका काल्पनिक असूनही चोर कुठल्या दाराने आत शिरला ते दर वेळी दाखवते. खऱ्या चोरीच्या बातम्यांत मात्र नेमके तेच गाळले जाते. आमची तक्रार एवढीच आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सॅम एस्मेल यांची ही मालिका अमेरिकेत यूएसए नेटवर्कवर २०१५ ते २०१९ या काळात चार पर्वांत झाली. एलियट ऑल्डरसन दिवसा ऑलसेफ या सुरक्षा कंपनीत नोकरी करतो, रात्री लोकांची लफडी खणून काढतो आणि ज्या ई कॉर्प या बड्या कंपनीचे रक्षण करण्याचा पगार घेतो, तिच्याच दप्तरातल्या लोकांच्या कर्जांच्या नोंदी नष्ट करण्याच्या कटात ओढला जातो. या भूमिकेसाठी रॅमी मॅलेकला २०१६ चा एमी पुरस्कार मिळाला. कोर अडाना, मायकेल बॅझेल यांच्यासारखी सुरक्षेचे काम प्रत्यक्ष केलेली माणसे लेखनाला आणि सल्ल्याला होती. म्हणून इथे दहा सेकंदांत ‘प्रवेश मंजूर’ अशी पाटी झळकत नाही. बेत फसतात, घाईत केलेले काम अंगाशी येते.

पहिल्याच भागातला फोन बघा. एलियटला आपल्या समुपदेशक बाईंच्या मित्राची कुंडली हवी असते. तो बँकेच्या फसवणूक प्रतिबंधक विभागातून बोलत असल्याचे सांगतो, खात्यात गडबड दिसतेय म्हणतो आणि ‘खात्री करण्यासाठी’ पत्ता, आवडता बेसबॉल संघ, पाळीव प्राण्याचे नाव विचारून घेतो. मग त्या उत्तरांच्या जोड्या लावण्याचे काम संगणकावर सोपवतो. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी मुलीचे नाव, कुलदैवत, गाडीचा नंबर येतो, एवढाच फरक. घरातली नावे, देव, गावे मिळून २०० शब्द धरा. मध्ये @ किंवा # सारखी १० चिन्हे आणि पुढे १०० वर्षांपैकी कोणतेही एक साल. झाल्या दोन लाख जोड्या. फुटलेल्या पासवर्डांची (सांकेतिक रूपातली) फाइल हाताशी असली तर साधा लॅपटॉपसुद्धा त्या चुटकीसरशी तपासतो.

बँकेच्या लॉगइनवर हे चालत नाही, कारण ठरावीक चुकांनंतर खाते कुलूपबंद होते. म्हणून चोर तिथे वेळ घालवत नाही. एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड तो ईमेलला लावून पाहतो. ईमेल उघडले की बाकीची सगळी खाती ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारून ताब्यात घेता येतात. तेव्हा ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये आणि तो ‘कांदा-छत्री-सरपंच-लोलक’ असा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार शब्दांचा असावा. पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसऱ्या टप्प्याचा कोड एसएमएसपेक्षा ॲपमधून घेतलेला बरा. एसएमएस सिमबरोबर जातो, आणि खोटी कागदपत्रे देऊन दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून घेण्याचे प्रकार होत असतात. फोनची रेंज कारण नसताना गेली आणि आजूबाजूच्यांची शाबूत असली, तर उशिरा नव्हे, लगेच दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला विचारावे.

आता हेच बातमीत कसे येते? ‘अज्ञात हॅकरने मोबाइल हॅक केला.’ प्रत्यक्षात अनेकदा तक्रारदाराला व्हॉट्सॲपवर वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी) आलेली असते. ती बसवताना अँड्रॉइड ‘अनोळखी स्रोत’ म्हणून हटकतो, लोक ‘परवानगी द्या’ दाबतात. मग ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि तिथून प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतो. चलन एपीकेने येत नाही, हे एक वाक्य त्या सहा ओळींत सहज बसले असते.

मालिकेत एलियटची साथीदार डार्लीन तुरुंगाच्या वाहनतळावर पेनड्राइव्ह टाकून ठेवते. एक पोलीस तो उचलून संगणकाला लावतो, पण तिने घाईघाईत जमवलेला कोड अँटिव्हायरस ओळखतो आणि डाव फसतो. सापळा मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह टाकून पाहिले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: किमान ४५ टक्के पेनड्राइव्हवरच्या फाइली कुणी ना कुणी उघडल्या. आपल्याकडे टाकून ठेवायचीही गरज नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच संगणकाला दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागतात आणि संध्याकाळी त्यांतलाच एक ऑफिसच्या हिशेबाच्या संगणकाला लागतो. छपाईसाठी वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवावा आणि परत आल्यावर फॉरमॅट करावा.

मालिकेतला सगळ्यात नेमका भाग मात्र स्टील माउंटन या साठवण केंद्राचा. ई कॉर्पच्या बॅकअप टेप (माहितीच्या राखीव प्रती असलेल्या चुंबकीय फिती) तिथे ठेवलेल्या असतात. एलियट गोड बोलून आत शिरतो आणि थर्मोस्टॅटच्या मागे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडतो, का तर वातानुकूलन ताब्यात घेऊन टेप तापवाव्यात. चीनमधल्या दुसऱ्या प्रतीचा बंदोबस्त वेगळ्या टोळीकडे असतो. म्हणजे चालू माहिती कुलूपबंद करणे हे अर्धेच काम. बॅकअप आधी मारला नाही तर कंपनी काही दिवसांत उठून उभी राहते, हे लेखकांना पक्के ठाऊक होते. (टेप दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश तापमान लागते. मुंबईत चोर नसला तरी जुलैतली दमट हवा आहेच. थंड खोलीतून काढलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, एक दिवस तिथल्या हवेत मुरू द्यावी.)

‘असे काही होत नसते’ म्हणणाऱ्यांनी २७ जून २०१७ चा दिवस आठवावा. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. त्याचा फटका थेट आपल्या न्हावा-शेवाला बसला: जेएनपीटीतले गेटवे टर्मिनल्स इंडिया त्याच समूहाचे. क्रेन शाबूत, माणसे हजर, पण कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारी यंत्रणा मेलेली, त्यामुळे हाताने नोंदी करत काम रेटावे लागले. नॉटपेट्या खंडणी मागत होता, पण चावी द्यायची सोयच त्यात नव्हती. मालिकेतल्या कटासारखाच, कुलूप लावून चावी फेकून देणारा.

मर्स्क कसे वाचले, ते तर मालिकेतही शोभले असते. कर्मचाऱ्यांची खाती आणि परवानग्या सांभाळणारे डोमेन कंट्रोलर दीडशेच्या आसपास होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणी धरलेच नव्हते. घानामधला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेल्याने तो जाळ्याबाहेर होता. तिथले इंटरनेट इतके मंद की तेवढी माहिती पाठवता येईना. शेवटी घानाच्या माणसाने नायजेरियात जाऊन डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला गेली. त्यानंतर मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले.

फोर्टमधल्या सीएच्या कार्यालयात किंवा दादरच्या घाऊक दुकानात टॅलीचा बॅकअप कुठे असतो? त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर, नाहीतर कायम लावून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर. रॅन्समवेअर (खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) दिसेल तो ड्राइव्ह कुलूपबंद करते, दोन्ही प्रती एकदम जातात. गुगल ड्राइव्हसारख्या सेवा बिघडलेली फाइलही इमानदारीने वर चढवतात. जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मिळते, तेवढ्यात लक्षात आले तर नशीब. त्यापेक्षा दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी; कॉपी झाली की वायर काढायची आणि एक डिस्क दुसऱ्या इमारतीत न्यायची. तीही तळमजल्यावर नको, २६ जुलै २००५ ला बुडालेल्या संगणकांचे बॅकअपही अनेकदा शेजारच्याच कपाटात होते. ५०० जीबीच्या मोठ्या फाइलींना यूएसबी ३ वर सव्वा तासाच्या आसपास लागतो, बारीक फाइली असल्या तर बराच जास्त. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या महिन्याचे तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स) जुळते का पाहावे. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

थर्मोस्टॅटच्या जागी आपल्याकडे सोसायटीचा सीसीटीव्ही डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) ठेवा. बसवणारा ‘अॅडमिन’ हाच पासवर्ड ठेवून जातो आणि सेक्रेटरींना मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, उघडतो. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि राउटर ६२ ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पकडले होते. पासवर्ड बदला, राउटरमधले यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद करा, डीव्हीआर ऑफिसच्या संगणकापासून वेगळ्या जाळ्यावर ठेवा.

मालिकेची गाडी घसरते ती कर्जमुक्तीपाशी. एका कंपनीच्या नोंदी गेल्या म्हणून कर्ज पुसले जात नाही. मुंबईतल्या एका गृहकर्जाच्या खुणा मोजा: बँकेची यंत्रणा आणि तिचे दूरच्या शहरातले पर्यायी केंद्र, तिजोरीतला मूळ करारनामा, दुय्यम निबंधकांकडची नोंद, सरसाईची (तारण मालमत्तांची केंद्रीय) नोंदवही, सिबिलसह चार पतमाहिती कंपन्या आणि तुमच्या कपाटातली विवरणपत्रे. नंतरच्या पर्वांत ई कॉर्प कागदी दप्तरावरूनच नोंदी उभ्या करू लागते, म्हणजे पुढे लेखकांनाही याची दखल घ्यावी लागली. आणि लेखात एलियटचा मानसिक आजार हीच त्याची प्रतिभा असल्याचा सूर आहे, त्याला मालिकेत आधार नाही. आजाराने त्याचे बेत उधळतात, माणसे तुटतात. शिवाय तो जे करतो तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली आपल्याकडे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हेतू कितीही उदात्त असो. हौस असेल त्याने स्वतःच्या संगणकावर दोन आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने चालणारे संगणकातले संगणक) उभी करून त्यांच्यावर हात साफ करावा.

सायबर चोरीच्या बातमीत आपल्या वार्ताहरांनी एवढे तरी विचारावे: दार कुठले होते (फोन, एपीके, सिम, पेनड्राइव्ह की जुना पासवर्ड), पैसे किती वाजता गेले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन किती वाजता केला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पांगायच्या आत तक्रार नोंदली गेली तर रक्कम गोठवता येते, म्हणून वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा खातेदाराची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. हे बातमीखाली चौकटीत छापता येईल. तक्रारदाराचे नाव, सोसायटी आणि हुद्दा मात्र छापू नये. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे पुढचे फोन त्याच तपशिलावरून येतात.

आपले,
संगणक सुरक्षेच्या क्षेत्रातील काही वाचक, मुंबई