समिती, आयोग आणि ‘थिंक टँक’ एक नव्हेत

महोदय,

सरकारने एखाद्या प्रश्नावर तज्ज्ञांना एकत्र बसवले, की बातम्यांत त्या गटाला कधी ‘तज्ज्ञ समिती’, कधी ‘आयोग’, तर कधी ‘थिंक टँक’ म्हटले जाते. ही सरमिसळ थांबायला हवी, कारण त्या गटाचा अहवाल लोकांच्या हाती पडणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्या कायदेशीर स्थानावर ठरते.

१९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, आणि त्याचा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवणे सरकारला भाग असते. मुंबईच्या १९९२-९३ मधील दंगलींविषयी श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. तत्कालीन राज्य सरकारला त्यातील मुख्य निष्कर्ष मान्य नव्हते, तरी त्याच ऑगस्टमध्ये तो विधिमंडळात मांडावा लागला.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाला असे कोणतेही संरक्षण नव्हते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये नेमलेल्या या गटाने ऑगस्ट २०११ अखेर अहवाल दिला, पण माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय एवढे सोपस्कार पार पडल्यावर, मे २०१२ मध्ये, तो खुला झाला. ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील खाणींचा आणि प्रकल्पांचा त्यात विचार केला होता, तेथील ग्रामस्थांना इतके महिने ताटकळत ठेवणे अन्यायाचेच होते.

‘थिंक टँक’ हे नाव तर फारच सैल झाले आहे. पुण्यात १९३० पासून अर्थशास्त्राचे संशोधन करणारी गोखले संस्था आणि निवडणुकीपुरते जमलेले पक्षाचे सल्लागार यांना ते सारखेच लागू करणे मला पटत नाही. नीती आयोगालाही ‘थिंक टँक’ म्हणतात. तो २०१५ मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने स्थापन झाला, आणि नावात ‘आयोग’ असला तरी चौकशी आयोगाचे अधिकार त्याला नाहीत.

म्हणून आपल्या वार्ताहरांनी अशा गटाच्या पहिल्याच उल्लेखात तो कोणी व कोणत्या कायद्याने वा ठरावाने नेमला, त्याचा खर्च कोण करते आणि अहवाल जाहीर करण्याचे बंधन आहे का, एवढे अवश्य नोंदवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे