तारकर्लीचा तुझा लाल टी-शर्ट

सांगली,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तारकर्लीला समुद्रात सात-आठ मीटर खाली गेलास, मासे अगदी हाताशी येऊन गेले, हे वाचून फार बरं वाटलं. पण माझं मन अडकलं ते तुझ्या टी-शर्टापाशी. खाली गेल्यावर तुझा लालभडक टी-शर्ट मळकट तपकिरी दिसायला लागला आणि तू हिशोब मांडलास: पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी (लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर) कमी होते, तरंगलांबी बदलली की रंग बदलतो, म्हणून लाल गेला.

पहिलं वाक्य अगदी बरोबर, दुसरं चूक. आणि ही चूक तुझी एकट्याची नाही रे. मी वीस वर्षं फळ्यावर 'लाल प्रकाश : ६५० नॅनोमीटर' असं लिहीत आलो आणि त्यापुढे 'हवेत' हा शब्द बहुतेक वेळा लिहिलाच नाही. त्याची बोच आहे, म्हणून हे पत्र लांबणार.

बाजारात मिळतो तो लाल लेझर घे. हवेत त्याची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. हवेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख. तरंगलांबीही त्याच प्रमाणात आखडते आणि होते ४८९. हवेत ४८९ नॅनोमीटरचा प्रकाश निळसर हिरवा असतो. म्हणजे तुझं म्हणणं खरं असतं, तर पाण्यात शिरलेला लाल लेझर निळसर हिरवा दिसायला हवा होता.

हे मी गेल्या आठवड्यात घरी करून पाहिलं. माळ्यावरची माशांची जुनी काचेची पेटी काढली. एका बाजूला आतून सीडी उभी केली. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर, म्हणजे १६०० नॅनोमीटरवर असतात, त्यामुळे लेझर तिच्यावर पडला की सरळ परतणाऱ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके उमटतात. तरंगलांबी जितकी जास्त, तितके ते लांब. समोरच्या काचेवर, सीडीपासून २० सेंटिमीटरवर, पातळ कागद चिकटवला आणि त्याला भोक पाडून त्यातून लेझर सोडला. पेटी कोरडी असताना बाजूचा ठिपका मधल्यापासून जवळजवळ ९ सेंटिमीटरवर होता. मग कशालाही धक्का न लावता पेटीत पाणी ओतलं. ठिपका सरकून साडेसहाच्या आत आला! तरंगलांबी आखडलेली मी डोळ्यांनी पाहिली, पट्टीने मोजली. आणि ठिपका? होता तसाच, कुंकवासारखा लाल.

बदललं नाही ते एकच, वारंवारता. एका जागी सेकंदाला किती लाटा येतात तो आकडा. या लेझरचा तो ४६१ लाख कोटींच्या घरात आहे. पाण्यात शिरताना तो का बदलत नाही, हे मी वर्गात दोरीने दाखवतो. एक बारीक सुतळी आणि एक जाड दोर गाठ मारून जोडायचे आणि सुतळीचं टोक हलवायचं. सुतळीत लाटा लांब-लांब दिसतात, दोरात जवळजवळ. पण गाठीकडे बघ. ती दोघांचीही आहे. सुतळीच्या बाजूने सेकंदाला चारदा वर आणि दोराच्या बाजूने तीनदा, असं तिला करताच येणार नाही. पाण्याचा पृष्ठभाग ही प्रकाशाची तशीच गाठ आहे. जितक्या लाटा आल्या, तितक्याच पुढे जाणार. वेग कमी झाला, म्हणून त्या दाटीवाटीने जातात, एवढंच. हिऱ्यात तर वेग याहून कमी. तिथे या लाल प्रकाशाची तरंगलांबी २६९ नॅनोमीटर होते. हवेत हा आकडा अतिनील किरणांचा असतो, पण म्हणून हिऱ्यातला लाल प्रकाश अतिनील होत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपल्या बुबुळामागे जो पारदर्शक रस भरलेला असतो, त्याचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग हवेच्या मानाने किती पट कमी होतो तो आकडा) जवळपास पाण्याइतकाच, १.३४. म्हणजे कोरड्या जमिनीवर उभं राहून तू जास्वंद बघतोस, तेव्हाही डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पोचणारी लाट ६५० ची नसतेच, आखडून ४८५ च्या आसपास आलेली असते. पडद्यावरच्या पेशी प्रकाशाच्या कणाची ऊर्जा शोषतात आणि ती ठरते वारंवारतेवर. वाटेत पाणी होतं की हवा, याचा त्यांना पत्ताही नसतो.

मग तुझा लाल गेला कुठे? पाण्याने खाल्ला. पाण्याचे रेणू लाल प्रकाश शोषतात. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ५ मीटरवर या लालचा पाचवा हिस्साही उरत नाही, हिरव्याचा मात्र पाऊण भाग उरतो. टी-शर्ट लाल दिसायला त्याच्यावर लाल प्रकाश पडावा तर लागतो! तरंगलांबीमुळे रंग बदलत असता, तर बादलीत बुडवलेलं जास्वंदीचं फूलही बुडताक्षणी रंग बदलतं. तसं होत नाही. रंग खोलीबरोबर हळूहळू जातो, शिडी उतरल्यासारखा.

तुझ्या पत्रातली दुसरी ओळ मात्र सोनं आहे. सोबतच्या मुलाचे भगवे फिन्स (पोहताना पायांत घालायचे पंखे) खालीही तसेच झगझगत होते, असं लिहिलंयस. तो रंग बहुधा फ्लुरोसंट असणार. असा रंग खाली पोचलेला निळा-हिरवा प्रकाश गिळतो आणि स्वतःचा नवा भगवा प्रकाश सोडतो. इथे वारंवारता खरोखर वेगळी होते, कारण हा प्रकाश वरून आलेला नसतो, तिथेच जन्मलेला असतो.

समुद्राचा रंग म्हटलं की मला रामन आठवतात. १९२१ साली विलायतेहून नारकुंडा बोटीने परतताना त्यांनी निकॉल प्रिझममधून, म्हणजे पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवू शकणाऱ्या स्फटिकातून, आकाशाचं प्रतिबिंब गाळून पाहिलं, तरी समुद्र निळाच. हा निळा रंग म्हणजे आकाशाची नुसती छाया नव्हे, हे सांगणारं त्यांचं टिपण मुंबई बंदरातून 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला गेलं. त्याच विचाराचा माग काढत २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना आढळलं की रेणूंवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अगदी छोटासा अंश वारंवारता बदलून बाहेर पडतो. नुसतं पाण्यात शिरून जी हलत नाही, ती रेणूशी देवाणघेवाण झाली की हलते. मुलांना हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आता तुझ्याकडे एक काम. दिवाळीत पुन्हा जाणार आहेस ना? पाण्याखाली चालणारी पांढऱ्या उजेडाची टॉर्च ने आणि खाली गेल्यावर टी-शर्टाच्या अगदी जवळ धर. लाल रंग परत आलेला दिसेल. फोटो काढ आणि मला पाठव, मला तो वर्गात लावायचा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच