पिकअप बदलायची घाई कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी इलेक्ट्रिक गिटार शिकवते. क्लासला नवीन येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांकडे सेकंडहँड, स्वस्तातली गिटार असते आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम हिचे पिकअप बदलू का? (पिकअप म्हणजे तारांचा कंप पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारं, तारांखालचं चुंबक आणि वेटोळं.) व्हिडिओत सगळे तेच सांगतात ना, पिकअप बदला की आवाज बदलला. पण गिटार सुरातच राहत नसेल, तारा फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खडखडत असतील तर भारी पिकअप लावून तोच बेसुरेपणा जास्त स्वच्छ ऐकू येणार, दुसरं काय होणार. म्हणून हे पत्र. पिकअप सगळ्यात शेवटी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिले नेक, म्हणजे गिटारची दांडी, बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी अगदी बारीक फट दिसली पाहिजे. नसेल किंवा जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, थोडा थोडा फिरवून ते जमतं, पण रॉड जाम झालाय किंवा नेकला पीळ बसलाय असं दिसलं तर त्या गिटारवर खर्च करू नका, हे मी स्पष्ट सांगते. नेक ठीक असेल तर नव्या तारा, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिमी, आणि मग इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एक यायला हवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तार टेकते तो तुकडा, मागे घ्यायचं, उतरा असेल तर पुढे. एक ट्यूनर, अ‍ॅलन की आणि स्क्रूड्रायव्हर, बास.

खरी गडबड नटमधे, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीत, असते आणि तिकडे कोणी बघतच नाही. तिसरी तार हळूहळू चढवत न्या, सूर सरळ चढत नाही, मधेच टिंग असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारून पुढे जातो. तार खाचेत अडकते आणि मग सुटते, त्याचा तो आवाज. बेंड मारल्यावर, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवल्यावर, गिटार उतरते ती बऱ्याचदा याच्यामुळेच, आणि लोक मात्र खुंट्यांना शिव्या घालतात, नवीन खुंट्या मागवतात. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा, फरक पडला तर दोष कुठे आहे ते कळलंच. मग खाचा नीट घासून घ्या नाहीतर हाडाचा चांगला नट बसवून घ्या. खुंट्या फिरवताना ढिल्या लागत असतील, गिअर झिजले असतील तरच बदला.

आता इलेक्ट्रिकचं काम. खरखरणारे पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग), सैल जॅक, मधेच आवाज घालवणारा स्विच हे बदलायला फार काही लागत नाही, सोल्डरिंग जमायला हवं इतकंच. सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपला सहसा 250 के (किलो-ओहम) चा पॉट, दोन वेटोळ्यांच्या हंबकरला 500 के. पण काहीही मागवायच्या आधी मोजा! स्वस्त गिटारीत बऱ्याचदा छोटे पॉट असतात, मोठ्यांना भोक वाढवावं लागतं. ब्रिजचं, म्हणजे सॅडल ज्यावर बसतात त्या भागाचं, तर विचारूच नका, पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर कुठे 52 मिमी तर कुठे 56, आणि बॉडी पातळ असली की ब्रिजखालचा मोठा स्टीलचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो.

काही शिक्षक मुलांना सरळ सांगतात की ही टाकून दे, नवीन घे, याचा मला खरंच राग येतो. पोराचा हुरूपच जातो हो. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याने 1963 साली वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली, नेकला जुन्या फायरप्लेसचं लाकूड आणि ट्रेमोलोला (सूर हलवायच्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या स्प्रिंग, आणि तीच गिटार पुढे क्वीनबरोबर जगभर वाजली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने स्वस्तातल्या, डावा माल म्हणून बाजूला काढलेल्या बॉडीत गिब्सनचा हंबकर बसवून गिटार जोडली, ती 2019 मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे मांडली होती.

आणि पिकअप बदलायचेच असतील तरी आधी आहेत त्यांची उंची कमीजास्त करून ऐका. फार वर आणले तर मॅग्नेट तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो, जरा खाली घेतले की आवाज मोकळा होतो, कित्येकदा मुलं तिथेच म्हणतात की मॅडम राहू दे, असेच ठेवू. तरीही मन भरत नसेल तर खुशाल बदला, फक्त वायरिंगचा फोटो आधी काढा आणि जुने पार्ट एका पिशवीत जपून ठेवा, गिटार पुढे कोणाला द्यायची झाली तर लागतात.

आपली,
एक गिटार शिक्षिका