भाव रविवारचा, गिऱ्हाईक गुरुवारचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर सोमवारी गुलटेकडी मार्केट यार्डातले भाजीचे घाऊक भाव येतात आणि पुढचा आठवडाभर त्यावरून माझ्याशी हुज्जत चालते. मी सिंहगड रस्त्याला पथारीवर भाजी विकते. गिऱ्हाईक मोबाइलवर कात्रण दाखवतं, "ताई, टोमॅटो पंधरा रुपये छापलाय, तुम्ही चाळीस कसे लावता?"

समजा छापलं, टोमॅटो १५० ते २५०. हा भाव १० किलोचा असतो. त्यातला १५०चा माल बारका, डागी नाहीतर जास्त पिकलेला. तो मी पथारीवर मांडला तर हेच गिऱ्हाईक बोटाने दाबून बाजूला सारेल. म्हणजे मला २५०चाच घ्यावा लागतो. २० किलोचं क्रेट ५०० रुपयांना पडलं, की वर आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन. २०१६ पासून ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापणं थांबलं हे बरंच झालं, पण आता ती माझ्या खरेदीवर चढते हे कुणी लक्षात घेत नाही. मग हमाली आणि चौघींनी मिळून केलेल्या टेंपोचं भाडं. हमालीबद्दल माझी तक्रार नाही, पाठीवर ओझं वाहणाऱ्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. क्रेटच्या तळाचे दीड-दोन किलो दबलेले निघतात. संध्याकाळी उरलेला माल निम्म्या भावात काढायचा. फ्लॉवर तर पाला-दांड्यासकट तोलून येतो आणि विकताना पाला मीच काढून टाकते.

पालेभाजीचं आणखी वेगळं. तिचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा. कोथिंबीर १००० छापली, की लोक जुडीला दहा रुपये धरून येतात. काही जण घाऊक जुडीच्या दोन करून विकतात, तेही झाकून ठेवत नाही. पण ओल्या बारदानात गुंडाळली तरी उन्हाळ्यात दुपारनंतर कोथिंबीर माना टाकते. तो तोटा कुठल्याच रकान्यात येत नाही.

मुख्य मुद्दा वाराचा. शनिवारी यार्ड बंद, म्हणून रविवारी आवक सगळ्यात जास्त. आवक जास्त तर भाव पडलेले. तुम्ही सोमवारी छापता ते हे भाव. बुधवार-गुरुवारी आवक घटून भाव चढला, तरी गिऱ्हाइकाच्या हातात रविवारचाच आकडा. पावसाची झड लागली तर दोन दिवसांत मेथीचा भाव कुठल्या कुठे जातो. (हीच मंडळी ॲपवर भाजी मागवताना हाताळणीचे पैसे मुकाट्याने भरतात. माझ्याकडे मात्र कढीपत्ता फुकट!)

भाव छापू नका, असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला आपली पट्टी ताडून बघायला तो रकाना लागतोच. पण प्रत्येक ओळीत १० किलो की शेकडा ते लिहा, खालचा भाव कुठल्या मालाचा ते सांगा. आठवड्यातून एकदा मंडई, कोथरूड, हडपसर इथले किरकोळ भावही त्याच भाज्यांशेजारी द्या. जमलं तर शेतकऱ्याच्या हाती किती पडले तेही. मग मधले पैसे कुठे जातात ते वाचकच बघतील. आमच्यातलं कुणी खरंच लुटत असेल तर तेही दिसेल, माझी हरकत नाही.

हे सगळं जमायला वेळ लागणार असेल, तर येत्या सोमवारपासून निदान वर ठळक अक्षरात छापा : 'रविवारचे घाऊक भाव'.

आपली,
एक भाजीविक्रेती, सिंहगड रस्ता, पुणे