अन्ना, तुमच्या त्या एका लिंकसाठी

अन्ना, नमस्कार.

तुम्ही दुकान बंद करून पुण्याला पोरीकडं गेलात तेव्हा आमच्या सहामाहीचे पेपर चालू होते, भेटायला यायचं राहूनच गेलं. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं मॅडम" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून आज इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आता पूर्ण वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. सोलापुरात अशोक चौकाकडं अन्नांचं झेरॉक्स आणि नेट कॅफे होतं, आणि मी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. वर्गात ४८ पोरं, निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काहींकडं उर्दू. बोलायला सगळी पटाईत, मराठी पण झकास बोलतात, पण निबंध लिहा म्हटलं की गाईडमधला उतरवून आणणार. पावसाळ्यावर लिहायला दिलं तर सगळ्या वह्यांमध्ये एकच पाऊस, आणि त्यात खळखळ वाहणारे ओढे आणि हिरवेगार डोंगर, आता सोलापुरात डोंगर कुठून आणायचे? मी रात्री बसून लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ काढायचे, पोरं मार्क बघायची आणि वही मिटायची. त्या लाल खुणा कुणी वाचतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोरांनी काय लिहिलंय ते मी पण वाचत नव्हते, नुसत्या चुका शोधत होते.

शाळेतली कॉम्प्युटर लॅब तर दोन वर्षं कुलपात होती. आधी एक जण बघून "सगळं भंगार आहे, नवीन घ्या" म्हणून गेला होता. अन्ना, तुम्ही त्या शनिवारी दुपारी ब्लोअर घेऊन आलात, धूळ उडवली, एकेक मशीन चालू केली आणि म्हणालात, मॅडम मशीन चांगल्या आहेत, यांना फक्त आजची तारीख माहिती नाही. मला काहीच कळेना. मग तुम्ही दाखवलं की आतला बटन सेल संपला की मशीन जुनीच तारीख धरून बसते, आणि तारीख चुकली की नेटवरची पानं उघडत नाहीत, सुरक्षित नाही म्हणून अडवतात. १४ सेल बदलले, ११ मशीन सुरू झाल्या. सेलचे पैसे पण घेतले नाहीत तुम्ही. चहा घेतला फक्त, तोही अर्धा.

आणि मग मी सहज बोलले की यावर पोरांना निबंध टाईप करायला लावते. तुम्ही म्हणालात, एकेकट्याला कशाला, सगळ्यांना एकाच पानावर बसवा की.

गुगल डॉक्स मला माहिती होतं, पण मी ते फक्त प्रश्नपत्रिका टाईप करायला वापरायचे. लिंक असेल त्याला लिहिता येतं, पोरांचं अकाउंट पण लागत नाही, एका वेळी १०० जणांपर्यंत लिहू शकतात, हे तुम्ही सांगितलं. पहिल्या दिवशी एका मशीनवर चार-पाच जण बसली, पानावर रंगीत रंगीत कर्सर पळायला लागले, वर अकाउंट नसलेल्यांना गुगल देतं ती प्राण्यांची नावं, आणि वर्गात असा आवाज की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. दहाव्या मिनिटाला कुणीतरी सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट. पान कोरं. एक पोरगी रडायलाच लागली, मी पण घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही फोनवर शांतपणे सांगितलं, फाईलमध्ये जा, व्हर्जन हिस्टरी उघडा, पाच मिनिटांपूर्वीचं निवडा, रिस्टोर करा. सगळं परत आलं. मी कुणी पुसलं ते शोधणार होते, तर तुम्ही म्हणालात, "नका शोधू मॅडम, पुसलं तरी जात नाही हे सगळ्यांनी बघितलंय आता, परत कोण पुसणार नाही." खरंच त्यानंतर एकदाही झालं नाही. उलट जी पोरं चूक होईल म्हणून पेन उचलत नव्हती ती बिनधास्त टाईप करायला लागली, कारण मागं जाता येतं.

पण सगळ्यात मोठा उपकार कमेंटचा. तुम्ही सांगितलं होतं की लाल पेन बाजूला ठेवा, पोरांना एकमेकांना प्रश्न विचारू द्या. आमची एक मुलगी, नाव लिहीत नाही, वर्षभरात दोन ओळींच्या वर कधी गेली नव्हती. तिनं लिहिलं, "माझा आजी विड्या वळते. मला आवडते." बस. त्यावर शेजारच्या मशीनवरून प्रश्न आला, पान आधी भिजवतात का? तिनं लिहिलं, हो, कोरडं पान वळताना फुटतं. मग दुसऱ्याचा प्रश्न, हजार विड्यांना किती वेळ लागतो? मग तिसऱ्याचा, आजीला कमी दिसतं तर दोरा कशी बांधते? यावर तिनं जे लिहिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही, "आज्जी दोऱ्याकडं बघत नाही, टीव्ही बघत बांधते, बोटांना कळतं."

पुढच्या तासाला दीड पान झालं होतं. 'माझा'चं 'माझी' पण मी केलं नाही, मैत्रिणीनं सजेशन टाकलं आणि तिनं स्वतः टिक केलं. कुणीतरी वाचायला थांबलंय, पुढं काय ते विचारतंय, एवढंच लागत होतं या पोरांना, आणि मी इतकी वर्षं त्यांना म्हणी आणि सुविचार पाठ करायला लावत होते.

जानेवारीत आम्ही सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर लिहिलं. चार गट, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली फाशी हे सगळ्यांनी पुस्तकातनं उतरवलं, तर एका पोरानं कमेंट टाकली, "हे तर पुतळ्याखाली पण लिहिलंय, तुमच्या घरी कुणाला काय माहिती आहे ते लिहा." मग आजोबांना विचारून ये, शेजारच्या मामांना विचारून ये, असं सुरू झालं. काही ऐकीव गोष्टी एकमेकांशी जुळत नव्हत्या, त्यावर पोरं अर्धा तास पानावर भांडली, शेवटी दोन्ही लिहून समोर कुणी सांगितलं ते टाकायचं ठरवलं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना हे.

सगळं सोपं झालंय असं नाही. लाईट जाते, नेट गेलं तर माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावते, जोडाक्षरं टाईप करताना पोरं वैतागतात. तिघं-चौघं तर विकिपीडियावरून अजून चिकटवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणून दाखवला तेव्हा मला वाटायचं, ते मोठ्या माणसांचं काम, आपल्याला कुठं जमणार. तुम्ही एका बटन सेलपासून सुरुवात करून दिली म्हणून जमलं.

आता या वर्षीचं डॉक्युमेंट आहे 'आमची गल्ली'. माग, चादरीचे कारखाने, इडलीची गाडी, पाण्याच्या दिवशीची पळापळ, सगळं आलंय. नवव्या पानावर पोरांनी तुमच्या दुकानाबद्दल लिहिलंय. त्यात दुकान कधी सुरू झालं तिथं जागा मोकळी सोडलीय, आणि बाजूला पिवळ्यात कमेंट आहे, "अन्नांना विचारा." दोन आठवडे झाले, पोरं ती कमेंट कुणाला रिझॉल्व्ह, म्हणजे बंद, करू देत नाहीत. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवलीय, एडिट चालू आहे. लिहा की ओ.

तुमची,
आठवीच्या मराठीच्या मॅडम