गच्चीवर भाजायचे बटाटे

इंदूर,
२० फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

रंगपंचमीला सगळे येताय हे वाचून बरं वाटलं. दिवसा राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची रंगांची मिरवणूक) आणि संध्याकाळी राजेंद्रनगरच्या गच्चीवर ग्रिल लावून बारा जणांसाठी अख्खे बटाटे, हा बेत झकास आहे. फक्त ती फॉइलची बंडलं आणू नकोस.

बटाट्यात पाऊणपेक्षा जास्त पाणीच असतं. त्यातलं थोडं वाफेनं घालवायचं आणि उरलेला गर मोकळा, रवाळ करायचा, एवढ्यासाठीच तर भाजायचं. फॉइलमध्ये ती वाफ कोंडते, साल भिजून लिबलिबीत होते आणि तासभर कोळसा जाळून हाती येतो तो उकडलेला बटाटा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फॉइलमधला भाजलेला बटाटा तसाच बाहेर राहू दिला, तर उष्णतेतून वाचलेल्या बोटुलिझमच्या (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना आत ऊब, ओल आणि हवेचा अभाव असं हवं ते सगळं मिळतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एल पासोला असेच ठेवलेले बटाटे चटणीत वापरले गेले आणि तीस माणसं आजारी पडली. तेव्हा बटाटे उघडेच भाज, आणि उरले तर चिरून लगेच फ्रिजमध्ये टाक.

आता खरेदी. निम्मं काम इथेच होतं. मार्चमध्ये माळव्यातला नवा माल निघालेला असतो, त्यामुळे चोइथराम मंडीत चिप्सवाला आलू माग. चिप्सोना मिळाला तर डोळे मिटून घे. हे वाण चिप्ससाठीच काढलेलं आहे, म्हणजे पिठूळपणा जास्त, पाणी आणि साखर कमी. नाहीच मिळालं तर ज्योतीवर भागतं. अंगठ्यानं चोळल्यावर साल सुटत असेल तर बटाटा कोवळा आहे, तो रश्श्याला ठेव. कोल्ड स्टोरेजचा जुना माल तर नकोच: थंडीत स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि लवकर काळवंडतो. याच कारणानं घरी आणल्यावरही फ्रिजमध्ये ठेवू नकोस. हिरवट दिसला तर सरळ बाजूला काढ.

जात ओळखू येत नसेल तर लिटरभर पाण्यात ११०–१२० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटा सोड. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. किलोत चार-पाच बसतील अशा एकसारख्या आकाराचे तीन किलो घे. लहानमोठे घेतलेस तर अर्धे कोरडे पडतील आणि अर्धे कच्चे राहतील.

घासून धू आणि काट्यानं सात-आठ ठिकाणी टोच. टोचला नाही म्हणून प्रत्येक बटाटा फुटतो असं नाही, पण एखादा फुटला की गर जाळीभर होतो. मग अर्धी वाटी पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात घोळव. सालीवर मिठाचा पातळ, पांढरा थर बसतो. तेल आत्ता लावू नकोस. तेलाखाली सालीतला ओलावा अडकतो, शिवाय ते निखाऱ्यांवर ठिबकलं की भडका उडतो.

घरातलं कुणीतरी नक्की म्हणणार, "आधी कुकरमध्ये एक शिट्टी काढून घ्या ना!" बाफले (माळव्यातले कणकेचे गोळे) उकडून मग गोवऱ्यांवर शेकतात म्हणून ते इथेही सुचतं. काढू नकोस. साल फाटते आणि जे पाणी घालवायचं तेच आत शिरतं.

लाकडी कोळसा वापर. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं, ते सगळं खाण्याला लागतं. दीड किलो पेटवायला आणि अर्धा किलो मागाहून घालायला पुरे. रॉकेल शिंपडू नकोस, कागद आणि काटक्यांवरच पेटव. पंधरा-वीस मिनिटांत कोळशावर राखाडी साय धरली की सगळे निखारे एका बाजूला ओढ आणि बटाटे दुसऱ्या बाजूला, जाळीवर, एकमेकांना न टेकवता मांड. थेट आचेवर ठेवलास तर साल जळून कोळसा होते आणि आतला गर कच्चाच राहतो, कारण बटाट्यात उष्णता फार सावकाश शिरते.

झाकण लाव. त्याशिवाय हे जमायचं नाही. खालची झडप पूर्ण उघडी ठेव, वरची अर्धी, आणि वरची झडप बटाट्यांच्या बाजूला येईल असं झाकण फिरव, म्हणजे गरम हवा त्यांच्यावरून जाऊन बाहेर पडेल. आत २०० अंशांच्या आसपास हवं. दर पाच मिनिटांनी उघडून बघायचा मोह आवर, उघडलंस की ताप पळतो. अर्ध्या तासानं एकदाच उघड, बटाटे उलट, निखाऱ्यांकडचे लांब आणि लांबचे जवळ कर, आणि उरलेला कोळसा घाल.

पन्नास मिनिटांनी ब्रशनं तेल किंवा तूप लाव आणि आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेव. साल कुरकुरीत होते ती या शेवटच्या टप्प्यात. झाला का हे घड्याळावरून ठरवू नकोस. सुरी विनासायास आरपार जायला हवी. थर्मामीटर असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश बघ. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणीच ९८च्या आसपास उकळतं, तेव्हा शंभराची वाट बघत बसू नकोस. साडेसातला जेवायचं तर पावणेसहाला कोळसा पेटलेला हवा.

उतरवल्या उतरवल्या फोड. सुरीच्या टोकानं वर अधिकाचं चिन्ह काप, हातात फडकं घे आणि चारी बाजूंनी आत दाब. वाफेचा लोट निघतो आणि गर फुलून चिरेतून वर येतो. पाहुणे जमेपर्यंत तसेच झाकून ठेवलेस तर वाफ आतच जिरते आणि गर चिकट होतो. म्हणून माणसं आधी बसव, बटाटे मग उतरव.

वर काय घालायचं यावर वाद होतील. माझं मत सांगतो: चीजचा डोंगर नको. पाव किलो चक्का थोडं मीठ आणि ठेचलेला लसूण घालून फेटून घे. बटाट्यावर आधी लोणी, मग एक चमचा चक्का, वरून जीरावन (इंदुरी चटपटीत मसाला) आणि लिंबू. गराडूवर (तळलेल्या कंदावर) चालतं ते इथेही चालतंच. शेव अगदी शेवटी, नाहीतर मऊ पडते.

ग्रिल उघड्या गच्चीवरच लाव. वाऱ्यामुळे जिन्यात घ्यावंसं वाटलं तरी घेऊ नकोस, निखाऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विझवताना दोन्ही झडपा बंद कर आणि राख सकाळपर्यंत हलवू नकोस.

कोळसा आणि जीरावन मी आणून ठेवतो. चक्का तुझ्याकडे, आणि जमलं तर सुईचा थर्मामीटर आण, इथला बंद पडलाय.

तुझा,
अण्णा