खांदा द्यायला मिळतो म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपान-कोरियातल्या गायकांच्या तरुण चाहत्यांवरचा लेख वाचला. ज्यांना स्वतःचं काही करायचं नसतं तेच असे कुणाच्या तरी नादी लागतात, असा त्याचा एकूण सूर होता. मी अठरा वर्षं पुण्यात जपानी शिकवते. पूर्वी वर्गात बहुतेक जण नोकरीसाठी यायचे. आता निम्मी मुलं लाडक्या गायिकेचं गाणं मूळ भाषेत कळावं म्हणून येतात, आणि क्रियापदांची रूपं हीच मुलं आधी पाठ करतात. त्यांना रिकामटेकडं म्हटलेलं मला सहन झालं नाही, म्हणून हे पत्र.

जपानी चाहते आपल्या आवडत्या कलाकाराला 'ओशी' म्हणतात. 'ओसु' म्हणजे ढकलणं, पुढे रेटणं; त्यावरून हा शब्द आला. मखरात बसवून ज्याला ओवाळायचं तो ओशी नव्हे. ज्याच्या पाठीशी राहून जोर लावायचा, तो ओशी. लेखकाने हे नातं 'एकतर्फी' म्हणून निकालात काढलं आहे. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं प्रेक्षकाला वाटू लागतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ सालीच मांडलं होतं, आणि ते खरंही आहे. पण त्यांनी पाहिलेला प्रेक्षक टीव्हीसमोर खुर्चीत बसून होता. माझे विद्यार्थी बसून नसतात. ते गाण्यांचे अनुवाद करतात, चित्रं काढतात, ओशीच्या वाढदिवसाला वर्गणी काढून रक्तदानाचा फलक छापतात.

'एकेबी फोर्टीएट' या मुलींच्या गटाचा पहिला प्रयोग ८ डिसेंबर २००५ रोजी तोक्योच्या अकिहाबारा भागात, एका दुकानाच्या आठव्या मजल्यावरच्या लहानशा थिएटरात झाला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते ७. या मुली कसलेल्या गायिका नव्हत्या, आणि लोकांना नेमकं तेच भावलं. पुढे २०१२ मध्ये याच गटाने तोक्यो डोम हे भलंमोठं स्टेडियम भरवलं, तेव्हा सुरुवातीपासूनच्या चाहत्यांना तो आपला विजय वाटला असेल तर त्यात चूक काय? हात्सुने मिकू ही गायिका तर हाडामांसाची मुलगीही नाही. साप्पोरोच्या एका कंपनीने २००७ मध्ये विकायला काढलेलं ते आवाजाचं सॉफ्टवेअर. तिची हजारो गाणी चाहत्यांनीच रचली.

मला मात्र सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते कुमामोनबद्दल. क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांताचा हा शुभंकर: काळं अस्वल, लाल गाल, कायम आश्चर्य वाटल्यासारखे डोळे. 'कुमा' म्हणजे अस्वल, आणि तिथल्या बोलीत 'मोन' म्हणजे माणूस. मार्च २०११ मध्ये क्युशूची बुलेट ट्रेन पूर्ण सुरू होणार होती. प्रवासी आपल्या स्टेशनवर न उतरता पुढे निघून जातील या काळजीपोटी प्रांताने त्याला जन्माला घातलं. ओसाकात व्हिजिटिंग कार्डं वाटायला पाठवलेला कुमामोन 'बेपत्ता' झाला, आणि प्रत्यक्ष गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन लोकांना सांगितलं, त्याला शोधा! मग लोक शोधू लागले. तिथल्या मालावर त्याचं चित्र छापायला परवानगी लागते, पैसे लागत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्यापासून मिठाईवाल्यापर्यंत प्रत्येकाचा तो झाला. अस्वलाच्या पोशाखाआत कुणीतरी माणूस आहे हे प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असतं आणि कुणीही ते बोलत नाही. मी जपानमध्ये होते तेव्हा मीही कधी बोलले नाही.

कुमामोनबद्दल एवढं सांगतेय त्याला कारण आहे. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री मी कामानिमित्त शेजारच्या फुकुओकात होते. जमीन हलली. १६ च्या पहाटे त्याहून मोठा धक्का बसला. कुमामोतोच्या किल्ल्याचे दगडी तट ढासळले, माणसं गेली, हजारो कुटुंबं शाळांच्या हॉलमध्ये झोपत होती. आणि कुमामोनचं ट्विटर खातं गप्प झालं. 'कुमामोन कुठे आहे? बरा आहे ना?' असं लोक विचारू लागले. चित्रकारांनी त्याला धीर देणारी चित्रं काढून पाठवली. माझ्या कचेरीतली साठीची बाई डबा खाताना तेच विचारत होती. तिला वेड लागलं नव्हतं. एवढ्या मोठ्या दुःखाला हात कुठून लावायचा हे कळत नव्हतं, आणि कुमामोनचं नाव घेऊन ते विचारता येत होतं. ५ मे रोजी, जपानच्या बालदिनी, तो निशिहारा गावातल्या पाळणाघरात परत आला. मुलं त्याला बिलगली. ती बातमी पाहून आमची अख्खी कचेरी रडली.

पालखीला खांदा देणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. बालगंधर्व कर्जात बुडाले, वय झालं, तरी कितीतरी रसिक त्यांना ऐकायला जातच राहिले. त्यांनाही आपण वेडे म्हटलं नाही.

राग यायचा असेल तर तो या खांद्याचा भाव करणाऱ्यांचा यावा. एकेबीच्या सदस्यांची क्रमवारी ठरवायला २००९ पासून मतदान होऊ लागलं, आणि मतपत्रिका मिळायची ती सीडीसोबत. जितक्या सीडी घ्याल तितकी मतं. कोवळी पोरं एकाच गाण्याच्या खोकेभर सीडी विकत घेत होती. मे २०२१ मध्ये चीनमधल्या एका गायन-नृत्य स्पर्धेत मत देण्यासाठी दुधाच्या बाटलीच्या झाकणाआतला कोड लागत होता. झाकणं ठेवून दूध गटारात ओतलं जात असल्याचा व्हिडिओ पसरला आणि अंतिम फेरी थांबवावी लागली. तो व्हिडिओ मी वर्गात दाखवला तेव्हा मुलं चिडली. पण ओतणाऱ्यांवर नव्हे, झाकणाखाली मत दडवणाऱ्यांवर. लेखात या कंपन्यांबद्दल एक ओळही नाही. सगळा ठपका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींवर.

या विषयावर पुन्हा लिहायचं ठरलं, तर लेखकाने आधी त्या मुलींशी बोलावं, ही विनंती. माझा वर्ग दर शनिवारी दुपारी चारला असतो. मुली आनंदाने बोलतील.

आपली नियमित वाचक,
जपानी भाषेची एक शिक्षिका, पुणे